लस टोंचून घ्यावी कीं नाहीं?



गेल्या पावसाळ्यांत बोईसरच्या पूर्वेकडील एका पाड्यावर सायंकाळची उपासना आटोपून आम्ही ओसरीवर बसलों होतों. दुसऱ्या दिवशीं तेथल्या अंगणवाडींत लसीकरणाचें सत्र होतें, आणि नर्सबाईंनीं आमच्या उपदेशकांना निरोप पाठविला होता कीं, तुमच्या लोकांना समजावून घेऊन या. उपदेशक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाळकसाहेब, मीं सांगितलें तर लोक येतील. पण शंभर मुलांना टोंचलें आणि त्यांतल्या एकाला अपाय झाला, तर दोष कोणाच्या माथीं? बरें, मीं सांगितलेंच नाहीं, आणि पुढें गोंवर येऊन दोन मुलें गेलीं, तर तो दोष कोणाच्या माथीं?" मीं त्या वेळीं कांहीं तरी उत्तर दिलें. परंतु तें माझें मलाच पुरेसें वाटलें नाहीं. त्यानंतर जो विचार मनांत चालला तो येथें मांडीत आहें.

हा प्रश्न मला इतका लागण्याचें कारण त्याच पाड्यावर आहे. चार वर्षांपूर्वीं तेथील एक आई आपल्या दीड वर्षाच्या मुलीला त्रिगुणी लशीची पुढची मात्रा द्यायला कचरत होती. ही लस घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात या तीन रोगांवरची आहे. मीं मोठ्या ठामपणें सांगितलें, "अगं बाय, कांहीं होत नाहीं. मी सांगतों ना!" माझ्या शब्दाखातर ती गेली. त्या रात्रीं मुलीला कडकडून ताप भरला आणि आंकडी आली. डोळे फिरले, दांतखीळ बसली. बाप शेजाऱ्याची मोटारसायकल मागून आणून माझ्या दाराशीं आला, आणि आम्ही अंधारांतून मुलीला इस्पितळांत नेलें. डॉक्टर म्हणाले, तापाची आंकडी आहे, अशी कांहीं मुलांना कोणत्याहि तापांत येते, हिनें मुलीला कायमचा अपाय होत नाहीं. आणि तसेंच झालें. सकाळीं पोर उठून बसली व तिनें बिस्किट मागितलें. पण आईनें माझ्याकडे पाहून एवढेंच म्हटलें, "पाळकसाहेब, तुम्ही तर बोललां, काय नाय होत."

पुढच्या महिन्यांत त्या पाड्यावरचीं निम्मीं मुलें सत्राला आलीं नाहींत. लशीनें जें केलें तें डॉक्टरांना ठाऊक असलेलें होतें. मलाहि ठाऊक असायला हवें होतें. अपराध माझ्या वाक्याचा होता. जी हमी कोणा डॉक्टरालाहि देतां येत नाहीं, ती मीं एका आईला देऊन टाकली होती.

म्हणून प्रथम हेंच कबूल करतों कीं, कोणतीहि लस सर्वस्वीं निर्धोक नाहीं. बहुतेकांना दंड दुखणें, गांठ येणें, एक-दोन दिवस ताप येणें एवढेंच होतें. क्वचित् आंकडी येते. त्याहून क्वचित् एखाद्याला टोंचल्यावर थोड्याच वेळांत अंगावर गांधी उठून धाप लागते व घेरी येते; म्हणून तर नर्सबाई टोंचल्यानंतर अर्धा तास बसवून ठेवतात. आपल्या बायाबापड्यांना तो अर्धा तास फुकट गेल्यासारखा वाटतो, कारण तो कशासाठीं आहे हें त्यांना कोणी सांगत नाहीं. हें सारें मान्य करूनच पुढचा विचार केला पाहिजे.

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणाचाहि दंड पाहा. त्यावर एक वाटोळा व्रण दिसेल. त्या देवी काढल्याच्या खुणा. आपल्या भाषेची गंमत अशी कीं, रोगाचें नांव देवी, आणि रोगापासून वांचविणाऱ्या टोंचणीचेंहि नांव देवीच. पूर्वीं लोकांची समजूत होती कीं, माता अंगांत आली असतां तिला टोंचून अडविलें तर ती कोपते. इंग्लंडांत १७९६ सालीं एडवर्ड जेन्नर या डॉक्टरानें गाईच्या देवींतील द्रव एका आठ वर्षांच्या मुलाला टोंचून दाखविलें कीं, त्यानें माणसाच्या देवींपासून बचाव होतो. ती लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशी वाट काढीत मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत देवीची लस यशस्वीपणें घेतलेली ती पहिली व्यक्ति. त्या काळीं उष्ण देशांत लस बाटलींत टिकत नसे. ती मुलाच्या दंडावर टिकत असे. एका मुलाचा फोड पिकला कीं त्यांतील लस दुसऱ्या मुलाला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी ती दंडादंडानें गांवोगांवीं गेली. ॲनाच्या दंडावरून ती मुंबईंतील आणखी पांच मुलांना दिली गेली, आणि तेथून देशभर पसरली. त्या तीन वर्षांच्या पोरीला कोणी कांहीं विचारलें असेल असें मला वाटत नाहीं.

या दंडादंडाच्या रीतींत दुसरे रोगहि एकाच्या अंगांतून दुसऱ्याच्या अंगांत जात. गरमीसारखा रोगसुद्धां गेल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. म्हणून ज्या आयांनीं तेव्हां मुलें लपविलीं त्यांना आपण सरसकट अडाणी म्हणूं नये. त्यांतल्या कित्येकींनीं डोळ्यांनीं पाहिलेल्या अपायापासून मुलाला वांचविलें होतें. पुढें वासराच्या अंगावर लस तयार करूं लागले आणि तें भय गेलें. टीकेनें लस बुडाली नाहीं, सुधारली.

देवीविषयींच एक जुनी गोष्ट सांगतों, कारण आमच्या उपदेशकांच्या प्रश्नाला ती अगदीं लागून आहे. जेन्नरच्याहि पूर्वीं एक रीत होती. देवी आलेल्या माणसाच्या फोडांतील पूच निरोगी माणसाला टोंचायचा, म्हणजे त्याला सौम्य देवी येऊन पुन्हां कधीं येत नसत. आपल्या देशांत टिकादार लोक हें करीत. आफ्रिकेंतहि ही विद्या होती. अमेरिकेंतील बोस्टन शहरीं १७२१ सालीं देवीची सांथ आली, तेव्हां तेथील पाळक कॉटन मॅदर यांनीं ही रीत सुरू करण्याचा आग्रह धरला. त्यांना ती एका आफ्रिकी गुलामानें सांगितली होती. त्याचें नांव ऑनेसिमस, म्हणजे फिलेमोनाच्या पत्रांतील त्या दासाचेंच. गांव इतका खवळला कीं, मॅदरसाहेबांच्या घरांत रात्रीं बाँब फेंकण्यांत आला. सांथ सरल्यावर हिशेब झाला. सुमारें सहा हजार लोकांना आपोआप देवी आल्या होत्या, त्यांतले ८४४ मेले, सातांत एक. ज्यांना टोंचलें ते अडीचशेंच्या आंतच होते, त्यांतले सहा मेले, चाळिसांत एक. दुसऱ्याच वर्षीं लंडनांत एडमंड मॅसी नांवाच्या पाळकानें व्यासपीठावरून उपदेश केला कीं, असें टोंचणें हें ईश्वराच्या कारभारांत हात घालण्याचें पाप आहे. तेव्हां पाळकवर्ग दोन्ही बाजूंना होता, हें नम्रपणें लक्षांत ठेवावें. आजहि तो दोन्ही बाजूंना सांपडतो.

सातांत एक आणि चाळिसांत एक. आंकडे पाहतां निर्णय सोपा दिसतो. पण त्या चाळिसांतला एक आपल्या घरचा असेल तर? जोनाथन एडवर्ड्स यांचें नांव सेमिनरींत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १७५८ सालीं ते प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाचे प्रमुख होऊन आले. गांवांत देवी होत्या. इतरांनीं धीर धरावा म्हणून, आणि स्वतःच्या रक्षणासाठींहि, त्यांनीं टोंचून घेतलें, आणि त्याच टोंचणीनें येणाऱ्या देवींनीं २२ मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. दुसरे गृहस्थ बेंजामिन फ्रँकलिन. त्यांचा चार वर्षांचा मुलगा १७३६ सालीं देवींनीं गेला. त्याला टोंचलें नव्हतें. पुढें म्हातारपणीं आत्मचरित्रांत त्यांनीं त्याबद्दल आपला पश्चात्ताप लिहून ठेवला, आणि इतर आईबापांसाठीं हेंहि लिहिलें कीं, टोंचून मूल गेलें तर मी स्वतःला क्षमा करणार नाहीं असें म्हणून जे मागें राहतात, त्यांना न टोंचतां मूल गेलें तरी तितकाच पश्चात्ताप भोगावा लागतो. तेव्हां जी वाट अधिक सुरक्षित तीच धरावी.

आमच्या उपदेशकांचा प्रश्न हाच. आपल्या मनाला अशी संवय आहे कीं, हातानें केलेल्या गोष्टीचा दोष जड वाटतो आणि हात न हालविल्याचा दोष हलका. मुलाला टोंचलें व ताप आला तर "मीं केलें" असें वाटतें, न टोंचतां गोंवर आला तर "आला, काय करणार!" असें म्हणून सुटतां येतें. पण यरीहोच्या वाटेवर जखमी माणसाला वळसा घालून गेलेल्या याजकानें व लेव्यानें त्याला एक बोटहि लावलें नव्हतें, आणि तरी त्यांना निर्दोष कोण म्हणतो? मोशेच्या नियमशास्त्रांत घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे कीं, धाब्याला कठडा बांध. कोणी तेथून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या घरमालकानें कोणाला ढकललेलें नसतें. कठडा नव्हता, एवढेंच. मला तर वाटतें कीं, कठडा बांधतांना एखादा गवंडीहि घसरून पडूं शकतो. तरी नियमशास्त्रानें कठडा बांधूं नका असें म्हटलें नाहीं. गवंड्याला सांवरायला दोर बांधावा, परांची नीट उभारावी, आणि तरीहि तो पडला तर त्याच्या घरच्यांना उघडें टाकूं नये.

आतां दुसरा विचार. धोका व लाभ यांचा तराजू एकदां तोलून कायमचा ठेवून देतां येत नाहीं. देवीच्या साध्या लशीनेंहि पहिल्यांदां घेणाऱ्या दहा लाखांत एक-दोन माणसें दगावत. पण मोठ्या देवी अंगावर आल्या तर दहांतलीं तीन मरत, आणि वांचलेल्यांत कित्येक आंधळीं होत. म्हणून देवी होत्या तोंवर लस घेणें हेंच शहाणपण होतें. भारतांतील शेवटचा देवीचा रोगी २४ मे १९७५ रोजीं आसामांत आढळला. तोहि बांगलादेशांतून रोग घेऊन आलेला होता. ८ मे १९८० रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें पृथ्वीवरून देवी नाहींशा झाल्याचें जाहीर केलें. मग लाभ उरला नाहीं, धोका मात्र तेवढाच राहिला. म्हणून सर्वसाधारण लोकांना देवी टोंचणें बंद झालें. जी लस १९६५ सालीं न देणें हा अपराध होता, तीच १९८५ सालीं प्रत्येक मुलाला देणें अविचाराचें ठरलें असतें. लस तीच, मुलें तशींच. जग बदललें होतें.

पोलिओचेंहि असेंच. आपण मुलांना जे दोन थेंब पाजतों त्यांत दुबळे केलेले, पण जिवंत विषाणु असतात. फार क्वचित्, पहिल्या मात्रेच्या सुमारें २७ लाखांत एकदां, त्यांच्यापासूनच मुलाला लकवा होतो. ज्या काळीं आपल्या देशांत वर्षाला हजारों मुलें पोलिओनें लंगडीं होत, त्या काळीं हा धोका पत्करणें योग्यच होतें. भारतांत पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजीं बंगालमधील हावडा जिल्ह्यांत सांपडला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त ठरला. त्यानंतर २०१५ सालीं मेलेल्या विषाणूंची टोंचणी जोडण्यांत आली, आणि २०१६ च्या एप्रिलांत थेंबांतील एक प्रकारचा विषाणु काढून टाकण्यांत आला, कारण त्या प्रकारचा रोग जगांत उरला नव्हता व थेंबांचा धोका मात्र उरला होता. म्हणजे ज्यांच्या हातीं हें काम आहे, तेहि तराजू घेऊनच बसलेले असतात. हें लोकांना सांगितलें पाहिजे. लशीवर कोणी शंकाच घेत नाहीं असें नाहीं; शंका घेऊन, मोजून, बदल करीत करीतच हें काम इथवर आलें आहे.

आणि गोंवर? तो आपल्या पाड्यांपासून फार दूर नाहीं. २०२२ सालीं मुंबईंत गोवंडीकडे, तसाच भिवंडी व मालेगांवकडे तो पसरला आणि मुलें दगावलीं; आजारी पडलेल्यांत लस न मिळालेलींच मुलें फार होतीं. एक गोंवर झालेलें मूल आपल्या आसपासच्या बारा ते अठरा असुरक्षित माणसांना तो देऊं शकतें. भरल्या पोटाच्या मुलाला तो बहुधा सोडून देतो. अर्धपोटीं मुलाला सोडत नाहीं. जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी हें नांव १९९२ सालीं कुपोषणानें झालेल्या बालमृत्यूंमुळें साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालें. मुंबईच्या उंच इमारतींतील एखादा शिकलेला गृहस्थ 'गोंवर काय, आम्हांलाहि लहानपणीं झाला होता' असें म्हणूं शकतो. आपल्या पाड्यावरच्या आईनें त्याचा तराजू उसना घेऊं नये. तिच्या मुलाच्या वाट्याचें माप वेगळें आहे.

येथें एक सांगून ठेवतों. आपल्याकडे ज्या मुलांची लस चुकते त्यांतल्या पुष्कळांच्या आईबापांनीं नकार दिलेला नसतो. दिवाळी झाली कीं मोखाडा, जव्हार, विक्रमगडकडचीं कुटुंबें भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सत्र असतें बुधवारीं, मजुरी बुडते बुधवारीं. बोईसरच्या चाळींतून परप्रांतांतून आलेल्या कारखान्याच्या मजुरांचीं मुलें आहेत. त्यांचें कार्ड गांवाकडे राहिलेलें. अशांना नीतीचा उपदेश करण्यापेक्षां भट्टीमालकाकडून अर्ध्या दिवसाची सुटी मागून आणणारा उपदेशक अधिक काम करतो.

आतां चुकांविषयीं. लस चांगली असून देणाऱ्याच्या हातून अनर्थ होतो, हेंहि खरें. वॉल्डेमार हाफकिन या यहूदी शास्त्रज्ञानें मुंबईंत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. दुसऱ्याच्या लेकराला टोंचण्याआधीं स्वतःला टोंचणें ही मला फार मोठी गोष्ट वाटते. त्याच लशीच्या एका बाटलींतून १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुलकोवाल गांवीं ज्यांना टोंचलें, त्यांतले एकोणीस जण धनुर्वातानें मेले. ती एक बाटली दूषित झाली होती. ठपका हाफकिनवर आला, काम गेलें. आणि दोष मुंबईच्या प्रयोगशाळेंतला नसून बाटली उघडतांना झालेला असावा, असें मान्य व्हायला १९०७ साल उजाडलें. परळच्या संस्थेला पुढें १९२५ सालीं त्याचेंच नांव दिलें गेलें. अलीकडचें पाहा: ३१ जानेवारी २०२१ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांत बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजीं हात धुण्याचें जंतुनाशक पाजण्यांत आलें. देवाची दया कीं मुलें वांचलीं. अशा गोष्टी झांकून ठेवल्यानें विश्वास वाढत नाहीं. त्या बोलून दाखवाव्या, आणि बाटली पाहून, तारीख पाहून, नवी सुई फोडतांना पाहून घेण्याचा आईचा हक्क आहे हें तिला शिकवावें. चांगल्या नर्सबाईला त्याचा राग येत नाहीं.

विश्वास हा शब्द आलाच आहे म्हणून सांगतों. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगच्या वेळीं सोजिरांनीं घरांत शिरून माणसें ओढून नेलीं. त्याची आठवण लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्याच सालीं १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतांना त्याच रोगानें वारल्या. तीहि आठवण आहे. सांथ एक, आणि लोकांकडे जाण्याच्या रीती दोन. आपल्या तारापुरास १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे. त्याच्या वाढीव भागासाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठविण्यांत आलीं आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षें न्यायालयांत चालला. अशा मुलखांत कोणी सरकारी माणूस येऊन 'भिऊं नका, तुमच्या भल्याचेंच आहे' असें म्हणाला, तर लोक लगेच मान हालवीत नाहींत. त्यांच्या त्या थांबण्याला मी अज्ञान म्हणणार नाहीं. २०२१ सालीं करोनाची लस आली तेव्हां आपल्या जिल्ह्याच्या पाड्यापाड्यांत बोललें जात होतें कीं, सुई घेतली कीं माणूस मरतो, बायका वांझ होतात. तें खोटें होतें. पण त्याच वर्षीं हेंहि उघड झालें कीं, पुण्यांत तयार होणाऱ्या कोविशील्ड लशीनें फार विरळा एखाद्याच्या रक्तांत गुठळ्या होतात. आणि तें खरें होतें. खोटें खोडायचें तर खरेंहि त्याच तोंडानें सांगावें लागतें. सर्वोच्च न्यायालयानें २ मे २०२२ रोजीं निर्णय दिला कीं, कोणाच्या शरीरावर सक्तीनें लस टोंचतां येत नाहीं, आणि लशीनंतर झालेल्या अपायांची माहिती लोकांपुढें ठेवली पाहिजे. मला हा निर्णय योग्य वाटतो.

पण सक्ती नाहीं म्हणजे कर्तव्य नाहीं असें होत नाहीं. तारापूरपासून केळव्यापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर खाजणांत भात पिकवायचें तर खारें पाणी अडविणारा बांध लागतो. उधाणाच्या भरतीआधीं घरटी एक माणूस कुदळ-घमेलें घेऊन जातो. एखादा म्हणतो, 'एवढे जण जाताहेत, मी एक न गेलों तर काय बिघडलें?' आणि खरोखरच त्या वर्षीं कांहीं बिघडत नाहीं; त्याचेंहि भात पिकतें. पण तसें दहा जण म्हणूं लागले कीं बांधाला खांड पडते, आणि पाणी आंत शिरतांना कोण आला होता नि कोण नव्हता हें विचारीत नाहीं. गोंवराचा बांध तर असा आहे कीं, शंभरांतल्या पंचाण्णवांनीं हात लावला तरच तो टिकतो. उरलेल्या पांचांत ज्यांना खरोखर येतां येत नाहीं त्यांची जागा आहे: नऊ महिन्यांच्या आंतलें बाळ, कर्करोगाचें औषध चालू असलेलें मूल, ज्याला डॉक्टरांनींच मना केलें आहे असें मूल. विधवेच्या शेताचा बांध गांवानें घालावा, हें सर्वांना मान्य असतें. धडधाकट माणसानें विधवेच्या वाट्यांत शिरूं नये. आणि ज्या एखाद्याला या बांधावर काम करतांना इजा झाली, त्याच्या औषधपाण्याचा भार गांवानें उचलावा. हें दुसरें आपण सहसा बोलत नाहीं. ज्या मुलानें साऱ्यांच्या सुरक्षिततेची किंमत एकट्यानें मोजली, त्याच्या घरीं जाऊन 'योगायोग होता' एवढेंच म्हणून परत येणाऱ्या समाजाला दुसऱ्या मुलाकडे दंड मागण्याचें तोंड राहत नाहीं.

आपल्या मंडळींत कांहीं जण म्हणतात कीं, प्रार्थना आहे तर लस कशाला? त्यांना मी वाद घालीत नाहीं. हिज्कीया राजा रडून प्रार्थना करतो, त्याची प्रार्थना ऐकलीहि जाते, आणि तरी यशया त्याच्या गळवावर अंजिरांचें पोटीस बांधायला सांगतो, एवढें दाखवितों. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवदूतांची वाट पाहण्याची सूचना प्रभूला कोणी केली होती, हेंहि त्यांना ठाऊक आहे.

आतां त्या पाड्यावर परत येतों. ज्या आईला मीं खोटी हमी दिली होती, तिला त्यानंतर एक मुलगा झाला. गेल्या पावसाळ्यांतील त्या सत्राच्या वेळीं तोहि दीड वर्षाचा झाला होता, आणि त्याची तीच मात्रा राहिली होती. उपदेशकांशीं बोलणें झाल्यावर मी तिच्या दाराशीं गेलों. ती म्हणाली, "आतां काय बोलतां?" मीं तिला सांगितलें कीं, मागच्या वेळीं मीं तुला खरें सांगितलें नव्हतें. मग जेवढें मला माहीत होतें तेवढें सांगितलें. ताप बहुधा येईल. आंकडी बहुधा येणार नाहीं, पण बहिणीला आली होती, तेव्हां येणारच नाहीं असें मी म्हणत नाहीं. डॉक्टरांना विचारलें आहे, बहिणीला आली म्हणून याची लस टाळण्याचें कारण नाहीं असें ते म्हणतात. आली तर कुशीवर निजवायचें, तोंडांत कांहीं घालायचें नाहीं, आणि इस्पितळ गांठायचें. डांग्या खोकला झाला तर मूल खोकतां खोकतां निळें पडतें, आणि घटसर्पांत घसा बंद होतो. तें मीं एकदां पाहिलें आहे.

ती त्या सत्राला आली नाहीं. मींहि पुन्हां विचारलें नाहीं. पुढच्या महिन्यांत तिनें उपदेशकांकडून निरोप पाठविला कीं, पाळकसाहेब त्या रात्रीं इथें राहणार असतील तर नेतें. मी गेलों. मोटारसायकल अंगणांत लावून ठेवली व ओसरीवर पथारी टाकली. रात्रीं दहाच्या सुमारास पोराला ताप भरला. तिनें नर्सबाईंनीं दिलेलें औषध पाजलें, बाप ओल्या फडक्यानें अंग पुसत राहिला, आणि आमच्यापैकीं कोणीहि झोंपलें नाहीं. बहीण तेवढी कोपऱ्यांत गाढ झोंपली होती. पहांटे कोंबडा आरवायच्या सुमारास ताप उतरला. उजाडल्यावर तिनें मला चहा आणून दिला आणि लसीकरणाचें कार्ड पुढें करून म्हणाली, "पुढची कधीं आहे, तें वाचून सांगा."